पांढरी दोनचा सा

मनूने दप्तर दारातच टाकलं, बूट काढले आणि ओल्या मोज्यांनिशी येऊन ओट्यापाशी उभी राहिली. हॅलोविनच्या सुट्टीआधीचा तो शाळेचा शेवटचा दिवस. बाहेर आयर्लंडमधल्या गॉलवेचा पाऊस होता, वरून खाली न पडता समुद्राकडून आडवा येणारा. मी कणीक मळत होते. ती गायला लागली, आयरिश भाषेत. मला त्या भाषेतलं नमस्कार आणि आभार एवढंच येतं, त्यामुळे अर्थ काही लागेना. पण एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, जात्यावरच्या ओवीत 'बाई' येतं तसा. इदिर. इदिर. इदिर.

"इदिर म्हणजे काय गं?"

"बिट्वीन," ती म्हणाली. मी मराठीत विचारते, ती अर्ध्या इंग्रजीत उत्तर देते. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी हे असंच होत आलं आहे. "नॉर्थ आणि साउथच्या बिट्वीन, वेस्ट आणि ईस्टच्या बिट्वीन, टाइम आणि प्लेसच्या पण बिट्वीन. सीर्शाचं गाणं आहे ते. टीचरने मूव्ही दाखवला."

कणकेचे हात तसेच ठेवून मी ते गाणं तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

तो चित्रपट म्हणजे 'साँग ऑफ द सी'. आयर्लंडमधल्या किल्केनी या गावात कार्टून सलून नावाचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आहे, १९९९ साली सुरू झालेला. त्याच्या संस्थापकांपैकी एक, टॉम मूर, यांनी २०१४ मध्ये हा चित्रपट केला. सगळा हाताने काढलेला, मागची दृश्यं जलरंगात भिजलेली. एका दीपगृहात राहणारं कुटुंब आहे. वडील कोनोर, मुलगा बेन आणि त्याची सहा वर्षांची बहीण सीर्शा, जिने अजून एक शब्दही उच्चारलेला नाही. आई ब्रोना सीर्शाच्या जन्माच्या रात्रीच समुद्रात निघून गेली आहे, कारण ती सेल्की होती. सेल्की म्हणजे पाण्यात असताना सील हा समुद्री प्राणी आणि काठावर येऊन कातडं उतरवलं की माणूस. स्कॉटलंडच्या उत्तरेकडची बेटं आणि आयर्लंडचा पश्चिम किनारा या दोन्ही ठिकाणी या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. बहुतेक गोष्टींत बाईला तिचं लपवलेलं कातडं सापडतं, ती समुद्रात परत जाते आणि मुलं काठावर राहतात.

हा चित्रपट कसा सुचला ते मूर यांनी अनेकदा सांगितलं आहे. डिंगलजवळच्या किनाऱ्यावर ते मुलाला घेऊन सुट्टीला गेले होते. वाळूत मारून टाकलेले सील पडलेले दिसले. मासे कमी झाले त्याचा दोष मच्छीमार सीलना देत होते. ज्या बाईंकडे ते उतरले होते त्या म्हणाल्या की पूर्वी असं झालं नसतं. समुद्रात गेलेल्या माणसांचे जीव सीलमध्ये असतात असं लोक मानायचे, त्यामुळे हात उचलत नव्हते. एक गोष्ट सांगायची बंद झाली आणि त्यामुळे किनाऱ्यावर प्रेतं पडली. मला हे वाचल्यापासून चित्रपटातलं संगीत वेगळं ऐकू येतं. ते नुसतं गोड वाटत नाही, काहीतरी वाचवायला धडपडणारं वाटतं.

शनिवारी आम्ही तिघांनी चित्रपट पाहिला. रविवारी मी आणि मनूने. सोमवारी रात्री ती झोपल्यावर मी एकटीने, हेडफोन लावून, पडद्याकडे फारसं न बघता.

सुरुवातीलाच आई मुलाला गाणं शिकवते. हा आवाज लिसा हॅनिगन या आयरिश गायिकेचा. ब्रोनाचं बोलणंही तिचंच. ती गाते ते अंगाई म्हणावी इतकं हळू, श्वास ऐकू येईल इतकं जवळून. त्यात कसलीही कसरत नाही. मग आई जाते आणि गाण्यातले शब्दही जणू तिच्याबरोबर जातात. मुलीच्या हाती येतो आईने बेनला दिलेला शंख, आणि तो फुंकल्यावर निघते नुसती चाल. न बोलणाऱ्या मुलीला दिग्दर्शकाने सूर दिले आणि शब्द राखून ठेवले. सबंध चित्रपट त्या शब्दांची वाट पाहतो. शेवटी सीर्शाचा आवाज फुटतो तेव्हा तो खरोखरच लहान मुलीचा आवाज आहे, लूसी ओ'कॉनेल हिचा. कोणा मोठ्या गायिकेने बारीक केलेला गळा तिथे चालला नसता. तिच्या आवाजातला किंचित खरखरीतपणा तसाच ठेवला आहे. मी तिथे तिन्ही वेळा रडले, आणि मनूने तिन्ही वेळा (तिसऱ्या वेळी ती पाणी प्यायला उठून आली होती) माझ्या दंडावर हात ठेवला.

हे संगीत एकट्याचं नाही. ब्रुनो कुले हे फ्रेंच संगीतकार आणि कीला हा डब्लिनचा वाद्यवृंद, दोघांनी मिळून ते केलं आहे. कुले यांनी लहान मुलांच्या आवाजांवर फार प्रेमाने काम केलं आहे. २००४ साली गाजलेल्या 'ले कोरिस्त' या मुलांच्या गायकवृंदावरच्या चित्रपटाचं संगीत त्यांचंच. कीलाची सुरुवात १९८७ मध्ये डब्लिनच्या एका आयरिश माध्यमाच्या शाळेत झाली. शाळेत एकमेकांना भेटलेली ही मुलं मोठी होऊनही आयरिशमध्येच गात राहिली. या दोघांनी मिळून कार्टून सलूनचे तीन चित्रपट केले, २००९ चा 'द सीक्रेट ऑफ केल्स', मग हा, आणि २०२० चा 'वुल्फवॉकर्स'. कीलामध्ये बौरान हे तालवाद्य वाजवणाऱ्या गायकाचं नाव रोनान ओ स्नोदी. आयरिशमध्ये 'रोन' म्हणजे सील आणि रोनान म्हणजे सीलचं पिल्लू. हे मला मनूने सांगितलं. तिच्या वर्गातही एक रोनान आहे.

'केल्टिक संगीत' म्हटलं की बाजारात जे मिळतं त्याबद्दल मला मनापासून तक्रार आहे. धुक्याचं चित्र, हार्पचे दोन-चार सूर, त्यावर प्रतिध्वनीत बुडवलेला शब्दहीन बायकी आवाज. मालिश केंद्रात लावतात ते. त्यात कुठलं गाव नसतं, कुठली भाषा नसते, कोणाचा घसा नसतो. खरं तर केल्टिक हा शब्द भाषांचा आहे: आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स ही एक शाखा, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन ही दुसरी. या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत अखेरीस तेच गाणं अंगाई म्हणून पुन्हा येतं, तेव्हा गायला आहे नोलवेन लरुआ, म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनीची, ब्रेटन मुलखातली मुलगी. या निवडीमागे समज आहे. आणि त्याच ध्वनिमुद्रिकेत 'दूलमान' हे जुनं लोकगीतही आहे. दूलमान ही खडकाला चिकटणाऱ्या समुद्रशेवाळाची एक जात. शेवाळ वेचणाऱ्यांचं हे गाणं. त्यात धुकं नाही, ओला खडक आहे.

आमच्या गावात आठवड्यातून बरेच दिवस सेशन असतं. पबच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वादक बसतात, कोणाकडे कागद नसतो, कोणी एक चाल सुरू करतो आणि ज्याला येते तो तिच्यात शिरतो. सुट्टीत मी मनूला घेऊन गेले. ती शाळेत टिन व्हिसल शिकते, इथे बहुतेक मुलं शिकतात; पत्र्याची सहा भोकांची बासरी, खिशात मावणारी. तिला बौरान बघायचं होतं. बकऱ्याचं कातडं ताणलेलं डफासारखं वाद्य, एका हाताने दुतोंडी काडीने वाजवायचं आणि दुसरा हात आतून कातड्यावर दाबत सूर वर-खाली करायचा. आपल्याकडे हलगीवर दोन काड्या नाचतात, इथे एकीचीच दोन्ही टोकं.

मी मात्र पाइप्स बघत बसले. इलन पाइप्स, म्हणजे पिशवीतल्या हवेवर वाजणारं इथलं वाद्य. नावातलं 'इलन' हे आयरिशमधल्या कोपरावरून आलेलं आहे. ही पिशवी तोंडाने फुगवत नाहीत. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी, मांडीवर टेकलेली सुरांची नळी. शेजारी तीन नळ्या, ज्या एकच सूर तीन सप्तकांत धरून ठेवतात. बसूनच वाजवावं लागतं. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाज करायचा आणि सात वर्षं वाजवायचं, तेव्हा कुठे पाइपर होतो, अशी इथली म्हण. २०१७ साली युनेस्कोने ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्या दिवशीचे पाइपर सत्तरीचे असतील. त्यांनी भाता हलवला, तीन नळ्या बोलायला लागल्या, आणि चाल सुरू व्हायच्या आधी ते काही क्षण नुसते तो एक सूर ऐकत राहिले.

मी तो सूर ओळखला. माझ्या माहेरी हर्णैला सकाळी सहाला आई पेटीचा भाता उघडून हेच करायची. आधी सा. तो मनात बसेपर्यंत काही नाही.

आईकडे जेवढं शिकले तेवढ्यावर सांगते: इथल्या पुष्कळ चाली आपल्या कानाला परक्या वाटत नाहीत याचं कारण त्यांचे स्वर. इथले लोक ज्याला डोरियन म्हणतात ते आपल्या काफी थाटाचे स्वर, आणि मिक्सोलिडियन म्हणजे खमाजचे. त्या नळ्यांचा सूर म्हणजे पांढरी दोन, पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी. मनूची टिन व्हिसलही पांढरी दोनचीच. पण थाट जुळले म्हणून संगीत एक होत नाही. सेशनमध्ये आलाप नसतो, बढत नसते. चालीचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, मग सगळं पुन्हा, मग न थांबता दुसरी चाल. सगळे एकच धून वाजवतात, फिडल, म्हणजे व्हायोलिन, जरा वेगळा कण घेते, बासरी वेगळा, आणि त्या बारीक फरकांतच सगळी मजा. भजनात पेटीवाला आणि गाणारा एकाच ओळीवर थोडे पुढेमागे चालतात, तसं.

संथ, एकट्याचं गाणं असतं त्याला 'शान-नोस' म्हणतात, म्हणजे जुनी रीत. साथ नाही, ठेका नाही, आवाजात बारीक मुरक्या. कधी कधी ऐकणारा गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि गाणं चालू असेपर्यंत तो हळूहळू फिरवत राहतो, जातं फिरवावं तसा. मी हे एकदाच पाहिलं आहे. म्हातारा गात होता, डोळे मिटलेले, आणि शेजारच्या बाईंनी त्याचा हात धरला होता. हॅनिगनचं गाणं शान-नोस नव्हे, ती आजच्या काळातली गायिका आहे, पण आवाजावर वाद्यांचं ओझं पडू द्यायचं नाही ही जुन्या रीतीची शिस्त त्यात मला दिसते.

जुन्या आयरिश परंपरेत संगीताचे तीन प्रकार मानले आहेत. गोलत्री म्हणजे रडवणारं, ग्यानत्री म्हणजे हसवणारं आणि सूअंत्री म्हणजे झोपवणारं. दाग्दा नावाच्या देवाच्या हार्पमध्ये तिन्ही होती. शत्रूंनी पळवलेली हार्प परत आणायला तो गेला तेव्हा त्याने त्यांना आधी रडवलं, मग हसवलं आणि शेवटी झोपवून आपल्या लोकांसह निघून आला. अंगाईला शृंगार-वीरांच्या पंक्तीत बसवणारं शास्त्र मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आपल्याकडे अंगाई म्हणजे बायकांनी पाळण्याशी म्हणायची, तिला कोणी राग विचारत नाही. इथे झोपवणं ही संगीताची तीनपैकी एक शक्ती आहे. आणि या चित्रपटात त्याच शक्तीने जग वाचतं. आईची अंगाई दगड झालेल्यांना जागं करते. झोपवणारं गाणं जागं करायला वापरलं आहे, आणि ते कुठेही खटकत नाही, कारण चित्रपटात ज्यांना दगड केलं आहे त्यांची झोप ही झोप नव्हेच. माखा नावाची घुबडाचं रूप असलेली म्हातारी लोकांच्या भावना काढून बरण्यांत भरून ठेवते. स्वतःच्या मुलाचं दुःख तिला बघवेना म्हणून तिने त्याचं ते दुःख काढून घेतलं, आणि तो डोंगर झाला. मला तिचा राग येत नाही. मुलाचं दुःख काढून घेता आलं असतं तर कोणत्या आईने बरणी आणली नसती?

समुद्रातून गाणं येणं ही कल्पनाही पडद्यासाठी रचलेली नाही. डिंगलच्या समोर ब्लास्केट बेटं आहेत. त्यातल्या मोठ्या बेटावरची उरलेली माणसं १९५३ साली सरकारने मुख्य भूमीवर आणली. तिथली एक चाल आजही वाजवतात, 'पोर्त न बूकी', म्हणजे भुतांची धून. बेटावरच्या माणसांनी ती रात्री समुद्राकडून ऐकली आणि फिडलवर उतरवली अशी आख्यायिका. हल्ली काहीजण म्हणतात की ते देवमाशाचं गाणं असावं. इथली होडी, करख, लाकडी सांगाड्यावर डांबर लावलेलं कापड ताणून बनवतात, म्हणजे जवळजवळ बौरानच. पाण्याखालचा आवाज तिच्या तळातून वर येणं अगदी शक्य आहे. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. कोणी गायलं हे महत्त्वाचं, पण त्याहून महत्त्वाचं हे की होडीतला माणूस वल्हं थांबवून ऐकत राहिला आणि घरी येईपर्यंत विसरला नाही.

विसरण्याची भीती माझ्याही मनात आहे, आणि ती गाण्याची नाही, भाषेची आहे. मनू इथे आली तेव्हा तीन वर्षांची होती आणि अखंड मराठी बोलायची. आता ती स्वप्नात इंग्रजी बोलते, मी ऐकलं आहे. आयरिश तिला शाळेत रोज असते, जवळजवळ सगळ्याच मुलांना असते. तरी २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे फक्त ७२ हजारांच्या आसपास निघाले. स्वतःचं राज्य, रस्त्यांच्या पाट्यांवर आधी आयरिश, आणि रोज बोलणारे एवढेच. हा आकडा वाचून मी घाबरले होते. मग मला ते गाणं आठवलं. माझ्या मुलीला आयरिश शिकवली शाळेने, पण ती भाषा ओल्या मोज्यांनिशी ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने म्हणावीशी वाटली ती गाण्यामुळे.

एका रात्री मी 'इदिर' शोधत बसले. जुन्या आयरिशमध्ये ते 'एतर'. लॅटिनमध्ये 'इंटर'. संस्कृतात 'अंतर्'. मूळ एकच. म्हणजे माझी मुलगी जो शब्द गात होती तो माझ्या घरातलाच होता: अंतर, बंदिशीचा अंतरा, अंतरंग. मग आणखी एक दिसलं. आयरिशमध्ये आई म्हणजे 'माहिर', असंच काहीसं ऐकू येतं; लिहिताना मध्ये एक 'थ' असतो, तो बोलण्यात विरून गेला आहे. आपल्या मातृगृहातला 'त'सुद्धा असाच विरला आणि माहेर झालं. मी अंधारात बसून दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहिले. माहिर. माहेर.

त्या वर्षी दिवाळीची पहिली आंघोळ आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. हॅलोविन हा मूळचा इथला साविन, उन्हाळा संपून हिवाळा लागण्याच्या मधली रात्र, जेव्हा इकडचं आणि तिकडचं जग यांच्यातलं दार उघडं असतं असं मानायचे. चित्रपटही त्याच रात्रीच्या आसपास घडतो. दुपारी बाराला आम्ही आईला फोन लावला. हर्णैत साडेपाच झाले होते, अंगणात पणत्या मांडायची वेळ. मनूने चकली खात खात आजीला सांगितलं की तिला एक गाणं येतं.

आईने नेहमीप्रमाणे मांडीवर टाळी धरली. पण फोनवर टाळी अर्धा क्षण उशिरा पोचते. मनू दोन ओळी म्हणून थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळली. "आजी, यू आर लेट." आईने ठेका सोडला. "पट्टी कुठली तुझी?" मनूला पट्टी म्हणजे फूटपट्टी एवढंच माहीत. आई उठली, फोन कशाला तरी टेकवून ठेवला, पेटी ओढल्याचा आवाज आला. मनूला एक ओळ म्हणायला लावून तिने दोन-तीन स्वर चाचपले आणि एकावर बोट ठेवलं.

"पांढरी दोन," आई म्हणाली. "मी सा धरते. तू म्हण."

सा धरून ठेवला की त्याला उशीर होत नाही. तो कधी निघाला आणि कधी पोचला हे कळतच नाही, तो असतोच. मनू गात होती, इदिर, इदिर, आणि तिच्या खाली हर्णैची पेटी एकाच सुरात चालली होती. मध्येच लाटांचा की फोनचा असा खरखराट आला आणि गेला. गाणं संपलं तरी आईने भाता थांबवला नाही. ती बहुधा पुढच्या कडव्याची वाट पाहत होती.

"आजी, सोडू नकोस," मनू म्हणाली, "मी परत पहिल्यापासून म्हणते."